डोंगर उचलणाऱ्याचं नाव

तुम्ही आडनाव सांगा, मी घराण्याचं मूळ सांगतो, असं मी तेव्हा छाती पुढे काढून म्हणत असे. झाडे म्हणजे झाडीपट्टीतून आलेले, हे ऐकून माणसं मान डोलवायची. नावांचे अर्थ तर जिभेवरच असायचे. त्यामुळे पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या करायला आम्हा मास्तरांना गावोगाव धाडलं, तेव्हा मी वर्ध्याहून अल्लीपूरला सासुरवाडीला निघाल्यासारखा निघालो.

हुकूम साफ होता. 'अमक्याची बायको' असं लिहायचं नाही. बाईचं स्वतःचं नाव, पुढे नवऱ्याचं. नाहीतर नाव कटलं. पण वखरणीचे दिवस, पुरुष सगळे वावरात. आणि बायका नवऱ्याचं नाव घेतात होय?

पन्नाशीच्या जिजाबाई झाडे यांनी स्वतःचं नाव सांगायलाच अर्धा तास घेतला. नवऱ्याचं विचारल्यावर त्या आतच निघाल्या होत्या. मी फार विनवलं, तेव्हा दाराआडून म्हणाल्या, "ज्यानं डोंगर उचलला, त्याचं नाव व्हय. लिवा आता."

मला आणखी काय हवं होतं! डोंगर म्हणजे गिरी, तो उचलून धरणारा गिरिधर. मी झोकात लिहिलं: जिजाबाई गिरधर झाडे. इतर मास्तरांचं कसं होत असेल, याची मला कीवच आली.

तिसऱ्या दिवशी तोवर झालेली यादी चावडीवर वाचायची होती. सारा गाव जमला. मी खड्या आवाजात वाचलं, "शोभाबाई गिरधर झाडे. जिजाबाई गिरधर झाडे."

शोभाबाईंनी आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की गिरधरराव खांबामागे सरकले. कोतवाल माझ्या कानाशी लागला. जिजाबाईंचा नवरा म्हणजे गिरधररावांचा चुलतभाऊ, आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं सहा वर्षं बोलणं बंद. कोतवाल त्याचं नाव सांगणार, इतक्यात तो भाऊच उठून उभा राहिला. उंची दाराच्या चौकटीएवढी, हातात बैल हाकायची टोकदार काठी, तुतारी.

"मास्तर," तो शांतपणे म्हणाला, "माही बायको त्याच्या घरी काऊन नेऊन ठेवली?"

बाईनंच तसं सांगितलं, असं मी चाचरत म्हणालो. सगळ्या माना जिजाबाईंकडे वळल्या.

"मी डोंगर उचलणारा सांगितला," त्या म्हणाल्या. "करंगळीवरचा नाई. तळहातावरचा. लक्ष्मणासाठी आणला तो."

माझे कान तापले. मी घाईघाईनं टाक उचलला, पण पाटील बापूरावांनी हात धरला. सोमवारी मोठे साहेब तपासायला येणार, बाईलाच विचारणार. तेव्हा ती गप्प बसली तर नाव जाईल. आज सगळ्यांदेखत एकदा सांगू द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं.

माझं लक्ष फक्त त्या तुतारीवर होतं. जिजाबाईंनी पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "मारोती."

तुतारी हळूहळू खाली आली. तीस वर्षांत मारोतरावांनी बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकलं नसावं. "पुन्हा एकदा सांग," ते म्हणाले. "मास्तरले नीट आयकू आलं नसन."

"मारोती." या वेळी जरा मोठ्यानं.

"लिवा मास्तर," खांबामागून आवाज आला, "वयनीनं दोनदा सांगितलं."

मारोतरावांनी खांबाकडे पाहिलं. "अन् तू काऊन लपून बसला? ये इकडे."

गिरधरराव आले, शेजारी टेकले. शोभाबाईसुद्धा हसल्या. मी इतका मोठा श्वास सोडला की यादीचे कागद उडाले.

दुसऱ्या दिवशी उरलेली आळी. पहिल्याच घरी सुलोचना नावाची नवी सून. स्वतःचं नाव तिनं पटकन सांगितलं, नवऱ्याचं विचारलं तशी लाजून म्हणाली, "ज्याच्या हातात धनुष्य असते, तो."

मी मनात राम, लक्ष्मण, अर्जुन, कर्ण मोजले. टाक खाली ठेवला.

"बाई, तुमचं वावर कोणत्या बाजूला आहे?"

दोन मैल होतं. चालत गेलो.