अजून वाढणं चाललंय

"आरं, तू तितं खातोस तरी काय?" असं शालूबाईंनी फोनवर विचारलं आणि स्पेनला नोकरीसाठी गेलेल्या अमृतनं उत्तर देण्याऐवजी लोणावळ्यात टेबल बुक केलं. तिथल्या वलवण भागात स्पॅनिश हॉटेल निघालं होतं. तिथं छोट्या छोट्या बशांतून खायला देतात आणि त्याला तापास म्हणतात, एवढं त्यानं सांगितलं. लेकाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तो परत आला की त्याच्या सवयीचंच करून वाढायचं, म्हणून शालूबाई लग्नाची साडी नेसून, चव शिकून घ्यायला नवऱ्याबरोबर, हौशीरामांबरोबर, सुदुंबऱ्याहून आल्या.

हॉटेलच्या मॅनेजर कौमुदीनं स्वतः पहिली बशी आणली. तीत हिरवी, बोराएवढी फळं होती. दुसऱ्या बशीत बटाट्याचं जाड आमलेट, तिसरीत लसणातली कोळंबी, चौथीत तळलेल्या मिरच्या. पाठोपाठ पाचव्या बशीत वाटी ठेवून टोमॅटोचं सार आलं, तेही गार.

दोघंही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सगळं वाढून झाल्याशिवाय आणि सगळे बसल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, ही सुदुंबऱ्याची रीत. भाकरी किंवा भात अजून कुठं आला होता?

पाच बशा तशाच पडलेल्या पाहून कौमुदी लगबगीनं टेबलाशी आली. "काका, आवडलं नाही का? दुसरं काही आणू?"

आग्रह करणाऱ्याला नाही म्हणणं हौशीरामांच्या रक्तातच नव्हतं. "आना की. येऊ द्या."

आणखी चार बशा आल्या. त्यांनाही कुणी शिवलं नाही. कौमुदीनं आत जाऊन आचाऱ्याला झापलं. आचाऱ्यानं इरेला पेटून आणखी पाच केल्या. टेबल भरलं, शेजारचं टेबल ओढून जोडलं.

"लय वाढत्यात ओ," शालूबाई कुजबुजल्या.

"श्रीमंताघरचं वाढणं हाय. गप बस."

चौदावी बशी ठेवताना कौमुदी रडकुंडीला आली. "काका, चुकलं काय ते तरी सांगा!"

"चुकलं न्हाई बाय," हौशीराम संकोचून म्हणाले. "भाताची वाट बगतोय."

"भात नसतो यात! बशी आली की खायची!"

हौशीरामांनी कपाळाला हात लावला. शालूबाईंनी मात्र सारावर बोट टेकवलं. "आन् हे निवलं, तेवढं गरम करता?"

"मावशी, ते गारच पितात."

"गार सार पितंय माजं पोरगं?" शालूबाईंचा जीव कळवळला. त्यांनी तिथल्या तिथं कौमुदीला अमृतला व्हिडिओ कॉल लावायला लावला.

अमृत पडद्यावर आला. खोलीत एकटाच, पुढ्यात पिठल्याचं पातेलं. "जेवलात का? कसंय?"

"आदी सांग, तू रोज ह्येच खातोस?"

"न्हाई आई." त्यानं पातेलं कलतं करून दाखवलं. "हितं ह्या बश्या चार मानसं मधी ठिऊन खात्यात. मी एकटा काय मागवू? येता-जाता काचंतनं बगतो. म्हनलं, तुमी तरी दोघं खावा."

चव शिकून घरी न्यायला आलेल्या शालूबाईंना शिकायला काहीच उरलं नव्हतं. लेक त्यांचंच पिठलं करून खात होता. त्यांनी तेलाच्या बाटलीला टेकून फोन उभा केला आणि त्याच्यासमोर बटाट्याच्या आमलेटची बशी सरकवली.

"तिगं झालो," हौशीराम म्हणाले आणि कौमुदीकडे वळले. "बाय, आमी आल्याधरनं उबीच हैस. बस. चौथं मानूस पायजे."

कौमुदीनं आजूबाजूला बघितलं आणि खरंच खुर्ची ओढली. तिकडे अमृतनं पिठल्याचा घास उचलला, तेव्हा कुठं इकडे चौदा बशांना हात लागला.

"आई, कसं लागतंय?" त्यानं अधीरपणे विचारलं.

शालूबाईंनी घास नीट चावून गिळला.

"गार झालंय रं सगळं," त्या म्हणाल्या. "लय उशीर केलास यायला."