रात्री दोनचं ऊन

रानातला कॅमेरा कसा निवडावा या विषयात माझा हात धरणारा आमच्या काउंटीत कुणी नाही, असं मी त्या ऑक्टोबरात भेटेल त्याला सांगत होतो. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होतो. एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालो आणि डोक्यात जी जागा रिकामी झाली, तिथे मी सहा आठवडे फक्त कॅमेरे भरले. झाडाला पट्ट्याने बांधायचा, समोरून काही ऊबदार हललं की हा आपोआप फोटो काढणार, वर तारीख-वेळ छापणार. हरणं कुठून आणि किती वाजता येतात ते आधीच कळलं, की शिकारीच्या हंगामात थंडीत उगाच कुडकुडायला नको.

दुकानदाराला मी तासभर प्रश्न विचारले. किती झटक्यात टिपतो, रात्री त्याचा प्रकाश जनावराला दिसतो का, बर्फात बॅटरी किती टिकते. शेवटी तो दमून म्हणाला, "फक्त पुस्तिकेचं पहिलं पान वाचा. घड्याळ लावण्याचं आहे."

"घड्याळ लावता येतं मला," मी म्हणालो.

माझी बायको मर्ना तेव्हा दहा दिवसांसाठी बहिणीकडे निघाली होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. बॅग भरता भरता ती म्हणाली, "एकटाच त्या मचाणावर चढू नकोस."

"अकरा वर्षं चढतोय."

"अकरा वर्षांपूर्वी तू निराळा होतास," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली आणि गेली.

मचाणापासून वीस पावलांवर मी कॅमेरा बांधला. तीन दिवसांनी पाहिलं तर चौदाशे बारा फोटो. सगळे एकाच नेच्याचे. उन्हात तापलेला आणि वाऱ्याने हलणारा नेचा किती तऱ्हांनी हलू शकतो, याचा इतका सखोल अभ्यास जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल. नेचा छाटला. पुढच्या खेपेला अडतीस फोटो आले, ते छाटताना टिपलेल्या माझ्या कपाळाचे.

तिसऱ्या खेपेला मात्र हरणाचा नर आला. दहा टोकांची शिंगं, मान म्हणजे दुधाचा मोठा कॅन. रोज यायचा तो सकाळी दहाच्या सुमाराला. फोटो जरा काळेपांढरे आले होते, पण आमच्याकडे सकाळी धुकं असतंच. सकाळी दहा! माणूस नाश्ता करून, दुसरी कॉफी घेऊन, सावकाश मचाणावर जाऊ शकतो. इतका समजूतदार नर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि कॅमेऱ्याच्या त्याच मेमरी कार्डात चेट होता.

चेस्टर व्होयताक, माझा शेजारी. त्याची माझी जमीन लागून आहे. माझ्या लग्नात तो होता, त्याच्या बायकोच्या शवपेटीला मी खांदा दिला. असा हा चेट माझ्या मचाणाखाली उभा होता, पाठीवर पोतं आणि हातात हातोडा. पुढच्या फोटोत तो माझ्या शिडीवर होता. खाली वेळ छापलेली होती, मध्यरात्रीनंतर दोन वाजून चौदा मिनिटं.

मी आधी कॅमेऱ्याचं कौतुक केलं. भर रात्री इतका लख्ख, रंगीत फोटो! चेटच्या लाल जाकिटाचं प्रत्येक बटण मोजता येत होतं. मग मला राग आला.

लगेच जाऊन शिडी तपासली. तिसरी आणि चौथी पायरी नवी होती. ओकचं लाकूड, प्रत्येकी चार खिळे. उभा राहून पाहिलं, हलली नाही. उडी मारून पाहिली, तरी हलली नाही. घातपात इतका सफाईने केला होता की तो सापडतच नव्हता. त्याने तर माझी खात्रीच पटली.

मर्नाला मी फोनवर काही बोललो नाही. तपास गुप्त ठेवायचा असतो. म्हणून मी तो शुक्रवारी लुसिलच्या बारमध्ये, सगळं गाव तळलेले मासे खायला जमलेलं असताना जाहीर केला.

"चेट, मंगळवारी रात्री दोन वाजता तू कुठे होतास?"

चेटने काट्यावरचा मासा तोंडात घातला, चावला, गिळला. "झोपलो होतो."

मी फोटो टेबलावर ठेवला. आजूबाजूच्या चार टेबलांवरची माणसं उठून बघायला आली. चेटने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हा मीच आहे," तो म्हणाला. "पण रात्री नाही."

"वेळ छापलीय."

"दिसतेय."

"मग तिथे काय करत होतास?"

तो काहीतरी बोलणार होता, पण थांबला. "ते सांगता यायचं नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"शब्द दिलाय म्हटलं ना, ऑर्विल."

"चोराला शब्द देणारा दुसरा चोरच असतो," मी म्हणालो. बारमध्ये कुणी हसलं नाही. चेट उठला. अर्धा मासा ताटात तसाच राहिला. चाळीस वर्षांत चेटने ताटात मासा टाकलेला मी पाहिला नव्हता. घरी गेल्यावर मी रात्री तीनदा उठून पाणी प्यायलो. मासे बाधले असतील, अशी मी समजूत घातली आणि सकाळी वन्यजीव खात्याला फोन लावला.

सोमवारी त्या खात्यातल्या लिंडग्रेनबाई आल्या. तिशीतल्या, शांत, हातात वही. मी त्यांना थेट मचाणापाशी नेलं. कॅमेरा उघडून त्यांनी त्याच्याच छोट्या पडद्यावर फोटो पाहिला.

"हा रंगीत आहे, मिस्टर टॉर्गर्सन."

"हो. मी फार विचार करून निवडलाय."

"रात्री हे कॅमेरे काळेपांढरे फोटो काढतात."

"साधे काढत असतील."

"इथे सावली पडलीय."

"चांदणं."

"त्यांनी काळा गॉगल घातलाय."

"ओळख लपवायला," मी म्हणालो. म्हणताना माझा आवाज जरा खाली गेला, हे मला ऐकू आलं.

बाईंनी दोन बटणं दाबली आणि पडदा माझ्यापुढे धरला. आमच्या डोक्यावर सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. कॅमेऱ्यात रात्रीचे सव्वाअकरा.

घड्याळ मी बारा तास चुकीचं लावलं होतं. म्हणजे चेट आला होता भर दुपारी दोनला. आणि माझा तो समजूतदार नर यायचा रात्री दहाला, जेव्हा शिकारीला बंदी असते. नर खरोखरच समजूतदार होता.

"तक्रार घुसखोरीची आहे," बाई म्हणाल्या, "तर जमीन कुणाची ते लिहावं लागेल." त्यांनी फोनवर नकाशा काढला, उत्तरेकडे साठ-सत्तर पावलं चालल्या, परत आल्या. "तक्रार मागे घ्यायचीय का?"

"का?"

"हे मचाण मिस्टर व्होयताक यांच्या जमिनीवर आहे. पुढे गेलो तर घुसखोर म्हणून कुणाचं नाव लिहू?"

मी तक्रार मागे घेतली. वहीतलं पान फाडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

घरी येऊन मर्नाला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मीच सांगितलं होतं चेटला," ती म्हणाली. "तू चढलास की ती तिसरी पायरी विव्हळायची. तुला सांगितलं असतं तर तू ती मुद्दाम वापरली असतीस. म्हणून म्हटलं, गुपचूप बदल आणि ऑर्विलला बोलू नकोस." मग म्हणाली, "तू त्याला काही बोलला तर नाहीस ना?"

मी चेटकडे गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. मी आल्याचं पाहिलं, तरी कुऱ्हाड थांबली नाही.

"चेट, माझं चुकलं."

कुऱ्हाड.

"शुक्रवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन."

"सांगशीलच," तो म्हणाला. "मासाही तूच मागवशील. अख्खा."

"हो."

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि कपाळ पुसलं. मी खाली बघत विचारलं, "मचाण तुझ्या जमिनीवर आहे, हे तुला कधी कळलं?"

"तू पहिला खिळा ठोकलास तेव्हा. मी बघत होतो."

"अकरा वर्षं! मग बोलला का नाहीस?"

मला भरून आलं होतं. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं काहीतरी म्हणायची मी मनात तयारी करत होतो.

"कशाला बोलू?" चेट म्हणाला. "तू तिथे बसतोस, थर्मास उघडतोस, खोकतोस, सकाळी आठ वाजता घोरायला लागतोस. खालची सगळी हरणं उठतात आणि सरळ माझ्या मचाणाकडे चालत येतात. अकरा वर्षांत माझा एक हंगाम रिकामा गेला नाही."

त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"पाचवी पायरीही जरा डगमगतेय," तो कुऱ्हाड उचलत म्हणाला. "हंगामाआधी बदलून ठेवतो. तू फक्त वेळेवर ये."