श्वासचोरीचं प्रकरण

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एखादाच जन्मतो आणि तोही एखाद्या लहानशा हायस्कुलात ग्रंथपाल म्हणून लपून बसतो. माझं लपणं इतकं बेमालूम आहे, की गेल्या सतरा वर्षांत माझ्याकडे एकही प्रकरण आलेलं नाही. नजर म्हणाल तर अशी, की माणसाच्या बुटांवरचा चिखल पाहून बाहेर चिखल झालाय, हे मी खोलीत बसल्या बसल्या सांगतो. माझी थोरली बहीण याच शाळेत कारकून आहे. तिचं म्हणणं, मी आधी वाचनालयातली हरवलेली बावीस पुस्तकं शोधावीत. असल्या किरकोळ कामाला मी हात लावत नाही.

त्या गुरुवारी मधल्या सुट्टीत इतिहासाच्या बाई तावातावाने आत आल्या. वादविवादाचा संघही त्याच तयार करतात.

"मुंगीला काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या.

मुंगी म्हणजे नववीतली एक मुलगी. उंची बेताची, आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी आंतरशालेय स्पर्धेत ती आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर बोलणार होती. विषय होता, 'गृहपाठ बंद करावा', आणि मुंगी बाजूने बोलणार होती.

"नेमकं काय झालंय?"

"भलत्याच जागी थांबते हो! 'गृहपाठाने मुलं हुशार होतात' असं म्हणते आणि गप्प. मग सावकाश म्हणते, 'असं मानणं चूक आहे.' मुख्याध्यापक मधल्या मध्ये खूश होऊन निघूनसुद्धा गेले. आज शेवटच्या तासापर्यंत सुधारली नाही, तर तिचं नाव काढून राखीव ठेवलेल्या डॉक्टरांच्या मुलाला पाठवणार मी. तो कुठेच थांबत नाही."

मुंगी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "सर, उद्या आजी येणारे ऐकायला," एवढंच ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मला भडभडून आलं. पण गुप्तहेराने रडायचं नसतं, म्हणून मी वही उघडली.

पहिला संशय, संमोहन. प्रतिस्पर्धी शाळेने हिला भारून टाकलं असणार. मी किल्ली दोऱ्याला बांधून तिच्या डोळ्यांपुढे झुलवली.

"सर, ही कपाटाची किल्ली ना? महिनाभर सगळे शोधतायत," मुंगी म्हणाली. थोडक्यात, मुलगी पूर्ण शुद्धीत होती.

मग मी तिच्या मागावर गायनाच्या खोलीत गेलो. नऊ मुलं मुख्याध्यापकांनी स्वतः रचलेलं शिस्तगीत बसवत होती. पहिलं कडवं संपेपर्यंत नऊही चेहरे लालबुंद झाले. एक उंच मुलगा खिडकीचे गज धरून धापा टाकत होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथे श्वास कमी, शेजारी वादविवादाच्या वर्गात जास्त, आणि मधल्या भिंतीत झरोका! कुणीतरी इकडचा श्वास तिकडे पळवत होतं. मुंगी स्वतः त्या नवांमध्ये धापा टाकत होती, ही बाब मी तूर्तास बाजूला ठेवली.

बहिणीने स्टूल धरलं, मी झरोक्यात हात घातला. हात आत गेला, बाहेर येईना.

"तपास चाललाय की अडकलास?" तिने खालून विचारलं.

"दोन्ही."

साबण लावून हात सुटल्यावर मी गायनाच्या सरांची उलटतपासणी घेतली. ते कागद हातभर लांब धरून त्यांवर निळ्या पेन्सिलीने खुणा करत होते. चष्मा महिनाभर दुरुस्तीला पडला होता. माणूस निष्पाप वाटला. पेन्सिलीची मी नोंदही केली नाही, कारण पेन्सिलीने कुणाचा श्वास चोरल्याचं माझ्या वाचनात नव्हतं.

शेवटच्या तासाला मी सगळ्यांना शिक्षकांच्या खोलीत जमवलं. मुख्याध्यापकही आले.

"गुन्हेगार याच खोलीत आहे!" मी डॉक्टरांच्या मुलाकडे बोट दाखवलं. "मुंगीची जागा कुणाला हवी होती?"

"मला नकोय सर," तो काकुळतीला आला. "बाईंना दोनदा सांगितलंय, मला भीती वाटते म्हणून भरभर बोलतो."

बाईंनी यादी पुढे ओढली आणि मुंगीच्या नावावर पेन टेकवलं. तेवढ्यात माझी बहीण म्हणाली, "काय गं मुंगे, तू तिथे थांबतेस तरी कशाला?"

"श्वास घ्यायला."

"मग तिथेच का?"

"तिथे निळी खूण आहे ना!"

हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं, माझ्यासकट.

भाषणाचा कागद आला. गायनाच्या वर्गाचा नियम कडक. निळी खूण दिसेल तिथेच श्वास घ्यायचा, दुसरीकडे नाही. भाषण आणि शिस्तगीत दोन्हींच्या प्रती बहिणीने टाइप करून एकाच टेबलावर ठेवल्या होत्या, आणि सरांनी गीत समजून भाषणाच्या प्रतींवर खुणा केल्या होत्या. गीताला एकही खूण नव्हती.

"मला वाटलं, बाईंनीच केल्यात," मुंगी म्हणाली.

"माझ्या कागदावरही होत्या," डॉक्टरांचा मुलगा म्हणाला. तो गाण्यात नव्हता. "मला वाटलं, बरोबर म्हणून दिल्यात."

"चष्म्याशिवाय अर्धंमुर्धंच वाचलं," सर ओशाळून म्हणाले. "मुक्तछंद वाटला. थोडाफार अर्थ लागत होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

मुख्याध्यापक खाकरले. बाईंनी पेन बाजूला ठेवून खोडरबर घेतलं आणि सगळ्या खुणा पुसल्या.

"बाई, आता मी माझ्या करू?" मुंगीने विचारलं.

"कर. फक्त 'चूक आहे'च्या आधी नको."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. मुंगी व्यासपीठावर गेली आणि सुरेख बोलली, हवं तिथे थांबत, हवं तिथे धावत. शेवटच्या वाक्यापाशी मात्र ती थांबली ती थांबलीच. बाईंनी माझा कोपर दाबला. "विसरली," त्या पुटपुटल्या.

मुंगीने शांतपणे श्वास घेतला.

"हे भाषण पाठ व्हावं," ती म्हणाली, "म्हणून मला ते दहा वेळा लिहून आणायला सांगितलं होतं. गृहपाठ म्हणून."

सभागृहात हशा उसळला. पहिल्या रांगेत तिची आजी उभी राहून टाळ्या वाजवत होती. बाई खुर्चीत खाली खाली सरकल्या.

"हे वाक्य मी दिलं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "कुणी दिलं तिला?"

मी वही काढून संशयितांची नावं लिहायला घेतली. बहिणीने ती माझ्या हातून काढून घेतली. "अरे, तिचं तिने लिहिलं," ती म्हणाली, "टाळ्या वाजव."

मी वाजवल्या, अगदी हात दुखेपर्यंत.