चार हातांचं बंपर

"येत्या रविवारी आपली जीप मयुरीच्या अंगणात उभी दिसन! नाही दिसली तं नाव बदलजो माहं!"

धरमपेठेतल्या एका कचेरीत फायली सांभाळणाऱ्या लहानूभाऊंनी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा बायको गोपिका वांगी चिरत होती. तिने मान वर केली नाही. अशा सात प्रतिज्ञा तिच्याकडे आधीच जमा होत्या.

एकुलती लेक मयुरी दोन वर्षांपूर्वी पारशिवनीपुढच्या एका खेड्यात दिलेली. सणाला ती यायची, पण भाजीला फोडणी बसायच्या आत जावयाची मोटारसायकल फाटकाशी घरघरू लागायची. फोनवर तिचा एकच पाढा, "बाबा, माहं घर पाहायले कधी येता?" आणि बाबांचं एकच उत्तर, "गाडी तयार झाली की निघालोच!" गाडी म्हणजे लिलावातली जुनी जीप. आधी तिचे टायर अडले, मग दिवे. आता म्हणे गावच्या अरुंद पांदणवाटेत बाभळी फार, पुढं लोखंडी बंपर पाहिजे. तेही घरच्या घरी केलेलं. बाजारातलं म्हणजे निव्वळ पापड!

रोज संध्याकाळी लहानूभाऊ बंद जीपमध्ये जाऊन बसत आणि बाजूच्या सीटवरची धूळ झटकत. तिथं मयुरी बसणार होती.

बंपरचं माप त्यांनी हातानं घेतलं. घराणं उमरेडच्या विणकरांचं. "टेप खोटं बोलन, हात नाही बोलत!" कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे मोजून चार. लगेच वेल्डर बापूजीला फोन, "चार हात! सूतभर कमी नको!"

बापूजी म्हणजे विजेचा खांब. शर्टाची बाही त्याला जन्मात मनगटापर्यंत पुरलेली नव्हती. शनिवारी लहानूभाऊ कचेरीत असताना तो दुकानातून पाइप कापूनच आला आणि पक्कं वेल्डिंग मारून गेला.

संध्याकाळी लहानूभाऊ पाहतच राहिले. बंपर दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर, हवालदाराच्या मिशीसारखं!

"कावं गोपिका, कसं भारी दिसून राहिलं!"

"लय मोठं नाही वाटून राहिलं का?"

"रुबाब मोठाच रायते!"

रविवारी नवा शर्ट, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा, चाकापुढं नारळ. जीप निघाली. धडाम! फाटकाचा उजवा खांब वाकला. लहानूभाऊंनी मागं घेऊन डावीकडून घातली. धडाम! डावा खांब कलंडला, त्याला चिकटलेला नळाचा पाइप फुटला आणि फवारा थेट शेजारच्या सिंधूताईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर!

"काहून गा लहानू! वर्षभराच्या कुरडया पोहून राहिल्या न!"

जीप आता खांबांत अशी रुतली की पुढं नाही, मागं नाही. लहानूभाऊंनी बापूजीला फोन लावला.

"किती कापलं गा?"

"चार हात. तुमीच तं सांगतले."

"पण कोणाचे हात?"

"मापलं मी, तं हात माहेच असतीन न भाऊ! तुमचे कोठून आणू?"

कटर घेऊन ये म्हणावं, तर बापूजी कामठीला लग्नाच्या पंगतीत बसलेला.

तेवढ्यात मयुरीचा फोन. "बाबा, निघाले ना? मी सकाळपासून रस्त्यावर येऊन पाहून राहिली."

"बेटा, मी काय म्हणतो, पुढच्या रविवारी..."

गोपिकेनं फोन हिसकला. "निघाले वं, निघाले!" मग डबा नवऱ्याच्या हाती कोंबला. "उतरा खाली. अकराची एसटी हाय."

फाटक तर जीपनं बुजलेलं. लहानूभाऊ डबा छातीशी धरून बॉनेटवर चढले आणि साऱ्या गल्लीसमोर रस्त्यावर घसरले. मागोमाग गोपिका उतरली. बाहेर उभ्या तिच्या स्कूटीवर, तिच्या मागं बसून, ते स्टँडवर पोचले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. फुटका नळ अन् सिंधूताईंना सांभाळायला गोपिका मागं राहिली, पण तिच्या फोनवरून पारशिवनीला जावई घ्यायला आला होता.

मयुरीनं अंगणातली बैलगाडी हलवून गाडीपुरती जागा मोकळी केली होती. शेणानं सारवून भोवती रांगोळी काढली होती. लहानूभाऊ डबा घेऊन त्या जागेच्या मधोमध उभे राहिले.

"बसनं किती वेळ लागला, बाबा?"

"दीड तास."

मयुरीनं पाण्याचा लोटा पुढं केला.

"दोन वर्षं अन् दीड तास म्हणा."

पाणी केव्हाच संपलं. लहानूभाऊ मात्र लोटा तोंडाला लावून तसेच उभे होते.