नंदाताईंचा झोक्यातला ठिय्या

"रविवारी सकाळी सात वाजता मी त्या झोक्यावर बसणार म्हणजे बसणार! ज्याला पाहायचं असेल त्यानं यावं, आणि ज्याला अडवायचं असेल त्यानं जरा लवकर यावं!"

नंदाताई खोब्रागडे यांनी ही घोषणा कोथरूडच्या बागेत, हास्यक्लबच्या ऐन हास्यात केली. क्लबचं हसू जागच्या जागी थिजलं. आता तुम्ही म्हणाल, एका झोक्यासाठी एवढी गर्जना कशाला? तर त्याचं कारण झोक्याशेजारची पाटी. 'झोके फक्त मुलांसाठी आहेत. ज्येष्ठांनी आपल्या वयाचा मान स्वतः राखावा.' पुण्यात मुरलेला माणूस अशी पाटी वाचतो, गालातल्या गालात हसतो आणि पुढे चालू लागतो. पण नंदाताई नागपूरच्या! मुलगा संजय इथे आयटीत लागला, म्हणून निवृत्तीनंतर त्या आणि रामदासराव पुण्यात आलेले. उभी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीमागे काढली होती. कुणी टोमणा मारून निघून गेलेलं त्यांना खपत नसे. मारायचा तर मारावा, पण थांबून उत्तर घेऊन जावं!

आणखीही एक कारण होतं, पण ते त्या कुणाला सांगत नसत. पाठची चार भावंडं. झोका दिसला की नंदा मागे उभी राहून झोका देणार, हे लहानपणापासून ठरलेलं. पुढे मुलगा झाला, मग नात. देता देता साठी उलटली आणि झोका घ्यायचा राहूनच गेला. त्या पाटीनं नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं, आणि ते फार लागलं होतं.

"बसा की," हास्यक्लबच्या भाग्यश्रीबाई म्हणाल्या. "आमची करमणूक होईल. हल्ली हसायला विषयच राहिला नाही."

रविवार उजाडला. नंदाताई पांढरी साडी, पायात बूट अशा थाटात बागेत हजर. मागे रामदासराव, पाण्याची बाटली घेऊन. आणि पाहतात तो काय! बागेचा रखवालदार महिपती यानं दोन्ही मोठे झोके वरच्या दांडीला गुंडाळून त्यांना चक्क कुलूप ठोकलेलं. खाली उरला होता तो दुपट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसाठीचा. लोखंडी खुर्चीसारखा, दोन्ही बाजूंना कठडे, पोर पडू नये म्हणून पुढे आडवी दांडी.

"बोर्ड वाचता येत न्हाई व्हय बाई?" महिपतीनं शिट्टी तोंडातून काढून विचारलं.

"वाचता येते, म्हणूनच तर बसायला आली!"

"मग बसा ह्याच्यात. मोकळाच हाय!" महिपती हसला. हास्यक्लबही हसला. भाग्यश्रीबाई तर वर्गणी वसूल झाल्यासारख्या हसल्या.

झालं! नंदाताईंनी पदर खोचला. "नंदा, अगं, तो लहान आहे," रामदासराव कुजबुजले. "मोठ्यांशी भांडायला लहानच कामी येते!" असं म्हणून त्यांनी दांडीखालून एक पाय घातला, दुसरा घातला, श्वास आत ओढला आणि बसल्या. बागेत टाळ्या पडल्या. नंदाताईंनी विजयी मुद्रेनं श्वास सोडला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

त्या घट्ट बसल्या. बरणीला झाकण बसावं तशा! डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं, हळूच उठून पाहिलं. उठल्या, पण झोकाही बरोबर उठला.

"झाली ना हौस? आता उठा," महिपती म्हणाला.

समोर भाग्यश्रीबाई मोबाइल रोखून उभ्या. आता काय सांगणार, की मी अडकली? या बाईंसमोर? त्यापेक्षा जन्मभर इथेच राहीन, वरण-भात इथेच मागवीन! नंदाताईंनी मान ताठ केली.

"मी उठणार नाही! ही पाटी निघेपर्यंत मी इथून हलणार नाही!"

मग कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "बरोबर आहे!" असं दिसलं, की त्या पाटीचा राग बागेतल्या प्रत्येक पांढऱ्या डोक्यात होता, फक्त बोलायचं कुणी म्हणून सगळे गप्प होते. बघता बघता लोक झोक्याभोवती मांडी घालून बसले. ज्यांना मांडी घालता येत नव्हती ते उभे राहून घोषणा देऊ लागले.

गर्दी जमली की रंगराव येणारच. निवडणूक असो वा नसो, रंगराव बारमाही इच्छुक. आले, नंदाताईंच्या गळ्यात हार घातला आणि उद्यान खात्याच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, आमच्या माउली झोक्यात बसल्यात! अन्न नाही, पाणी नाही!" रामदासरावांनी बाटली पाठीमागे लपवली.

तेवढ्यात संजयचा फोन. "आई, तू ऑफिसच्या ग्रुपवर कशी आलीस? आणि ते लहान मुलांच्या झोक्यात काय करतेयस?"

"आंदोलन करून राहिली आहे. ठेव!"

साहेब आले. अंगावर रविवारचा टी-शर्ट, चेहऱ्यावर सोमवार. गर्दी पाहिली, पन्नास मोबाइल पाहिले आणि म्हणाले, "पाटी काढा." महिपतीनं खिशातून पाना काढला आणि पाटी उतरवली. जल्लोष झाला!

"मागणी मान्य. या ताई, उठा आता."

नंदाताईंनी पुन्हा एकदा जोर लावून पाहिला. छे!

"एवढ्यानं काय होते?" त्या कडाडल्या. "स्वच्छतागृहाले कुलूप काहून आहे?"

कुलूप निघालं. मग व्यायामाच्या सायकलला पॅडल नाही. बसवतो म्हणाले. पाण्याचा नळ कोरडा. प्लंबरला फोन गेला. उभी हयात नंदाताईंनी तक्रारी ऐकल्या होत्या, त्या आता व्याजासकट बाहेर पडत होत्या. पण बागेच्या तक्रारी त्या किती असणार!

"अजून काही ताई?" साहेबांनी घाम पुसला.

"आहे!" नंदाताई म्हणाल्या. काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी मदतीला तयारच होती.

"कारंजं सुरू करा!"

"बागेत उलटं चालणाऱ्यांना बंदी करा!"

"का म्हणून? आम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय!"

उलटे आणि सुलटे एकमेकांच्या अंगावर धावले. त्या गोंधळात रामदासराव वाकून बायकोच्या कानाशी आले.

"नंदा, आता पुरे. उठ."

"उठता येत असतं तर पहिल्या मागणीलाच उठली नसती का?"

रामदासरावांनी झोक्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. हसू गिळताना त्यांना ठसका लागला. त्यांनी महिपतीला बाजूला घेतलं. महिपती आला, बोल्ट चाचपले आणि हळू आवाजात म्हणाला, "दांडी निघंल बाई. पर एवढ्या लोकांपुढं?"

नंदाताईंनी घसा साफ केला. "साहेब! आता शेवटची मागणी. सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करावीत!"

"कशासाठी?"

"या बागेत ज्येष्ठांचा जो अपमान झाला, त्याचा निषेध म्हणून! मी सांगेपर्यंत कोणी मागे पाहायचं नाही!"

मागणीत कुणालाच खर्च नव्हता. त्यामुळे ती एकमतानं मान्य झाली. साहेब, रंगराव, हास्यक्लब, उलटे, सुलटे सगळे कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भाग्यश्रीबाईंनी मोबाइल खाली केला. महिपतीनं पाना लावला.

"थांब जरा," नंदाताई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता, "अहो, एक झोका द्या ना."

रामदासरावांनी बाटली खाली ठेवली, मागे गेले आणि दोन्ही हातांनी झोका दिला. झोका करकरला, पुढे गेला, उंच गेला, नंदाताईंच्या बुटांनी कडुनिंबाच्या खालच्या फांदीला शिवल्यासारखं केलं. आईशप्पथ, यासाठीच पोरं रडतात! "अजून!" त्या म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना कुणाशीच भांडायचं नव्हतं.

मग दांडी निघाली, नंदाताई निघाल्या, भिंतीकडची तोंडं वळली आणि रंगरावांनी दुसरा हार घातला.

दुसऱ्या दिवशी दारात शिष्टमंडळ उभं. कसबा पेठेतून आलेलं, हातात नारळ. "ताई, आमच्या बागेत तर दिवेसुद्धा नाहीत. अर्ज करून थकलो. तुम्ही एकदा आमच्या झोक्यात येऊन बसा!"

आतून रामदासरावांचा ठसका ऐकू आला. नंदाताईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं, नारळ घेतला आणि मान ताठ करून म्हणाल्या,

"बसते की! भीते का कोणाले? फक्त आधी झोक्याचं माप पाठवा."