रिकव्हरी कप्प्याचा पंचनामा

"आप्पा, पुसू का नको, एवढंच सांगा," सृष्टीने पुन्हा विचारलं, आणि कानिफनाथांनी पुन्हा एकदा टोपी काढून डोकं खाजवलं.

घोडं अडलं होतं ते जागेपायी. पुण्यातल्या एका कंपनीची नोकरीची परीक्षा सृष्टीला सोमवारी सकाळी घरी बसूनच द्यायची होती. त्यासाठी लॅपटॉपवर त्या परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवायचं, आणि लॅपटॉप तर तुडुंब भरलेला. पोरीने सकाळपासून स्वतःचे फोटो पुसले, गाणी पुसली, जिवलग मैत्रिणीच्या लग्नाचं शूटिंगसुद्धा पुसलं, तरी सॉफ्टवेअर आपलं 'जागा कमी' म्हणून हटून बसलेलं. आता राहिला होता एकच कप्पा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने विकतानाच आखून दिलेला, रिकव्हरी नावाचा. मशीन कधी बिघडलंच तर ते पुन्हा पहिल्यासारखं उभं करायचं सामान त्यात असतं म्हणे. तो कप्पा पुसला तर जागा होणार. पण पुसला आणि उद्या ऐन परीक्षेत लॅपटॉपने मान टाकली, तर पोरीची नोकरी हातची गेली.

दुसरा कुणी बाप असता तर हो किंवा नाही म्हणून मोकळा झाला असता. पण कानिफनाथ पडले गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. श्रीगोंद्याच्या त्या पट्ट्यात जिथे ऊस तिथे बांध आणि जिथे बांध तिथे भांडण, त्यामुळे अध्यक्षांना उसंत नसे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते घरात आमटी की पिठलं याचाही निकाल देत नसत. त्यांची बायको रेश्मा म्हणूनच त्यांना विचारायच्या भानगडीत पडत नसे.

"लॅपटॉप आपला, पावती आपल्या नावाची," कानिफनाथ म्हणाले. "मंग ही कंपनी आपल्या हद्दीत कशी काय बसली? ह्ये सरळसरळ अतिक्रमन हाय."

"मग पुसते."

"थांब! समोरच्याचं ऐकल्याबिगर निकाल देता येत न्हाई."

"अहो, आधी त्यो कप्पा उघडून तरी बघा आत काय हाय ते!" रेश्मा स्वयंपाकघरातून ओरडली.

"उघडायचा न्हाई. हात लावू नका म्हनून लिवलंय त्याच्यावर. वादातल्या जागंत पंच नसताना पाय ठेवत नसत्यात."

पंचांची सोय देवानेच केली. गोरक्ष आणि सहादेव हे दोघे चुलतभाऊ तेवढ्यात अंगणात येऊन ठेपले. दोघांच्या उसामधल्या एका बांधावरून तीन वर्षं जुंपलेली होती आणि आज त्याचीच बैठक होती. कानिफनाथांनी दोघांना खाटेवर बसवलं, चहा सांगितला आणि बांधाच्या आधी लॅपटॉपचं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं.

"पुसून टाका," गोरक्ष म्हणाला. "आज गप बसला तर उद्या कंपनी सगळाच लॅपटॉप गिळंल. माझा बांध असाच बोटाबोटानं सरकला."

गोरक्ष पुसा म्हणाला एवढं सहादेवाला पुरे होतं. "अजिबात पुसू नगा अध्यक्ष! बांध कुनी सरकवला ह्ये गावाला ठावं हाय."

"कुनी सरकवला? नाव घे की!"

"लॅपटॉपवर बोला!" कानिफनाथ गरजले. सृष्टीने कपाळाला हात लावला.

शेवटी अध्यक्षांनी समोरच्या पक्षालाच, म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीलाच, फोन लावला आणि पंचांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक माणूस बोलला.

"म्या तंटामुक्ती अध्यक्ष बोलतोय. तुमचा एक कप्पा आमच्या लॅपटॉपात हाय. तुमचं म्हननं काय हाय त्यावर?"

पलीकडचा माणूस जरा गांगरला. "सर, तो कप्पा पुसू नका."

"बघा!" सहादेवाने मांडीवर थाप मारली.

"मंग आमच्या पोरीनं सॉफ्टवेअर कुठं ठिवायचं?"

"त्याच कप्प्यात बसेल की, सर. आमचं सामान जेमतेम अर्ध्या कप्प्यात मावतं. बाकी अर्धा रिकामाच असतो."

सृष्टीने पडद्यावर पाहिलं. कप्पा काठोकाठ भरल्याची लाल खूण दिसत होती. कानिफनाथांनी फोन ठेवला आणि ते उभेच राहिले. आता कुठे त्यांना खऱ्या गुन्हेगाराचा माग लागला होता.

"कंपनी अर्ध्यात हाय, मंग ऱ्हायल्याल्या अर्ध्यात कोन घुसलं? घरचा असू दे न्हाईतर दारचा, त्येचं अतिक्रमन निघाल्याबिगर आज म्या जेवनार न्हाई! पंच, पुढं या. सृष्टी, उघड कप्पा."

"म्या कवाधरनं दुसरं काय सांगत हुते?" हात पुसत रेश्माही बाहेर आली.

सृष्टीने कप्पा उघडला. एका बाजूला कंपनीचं सामान मुकाट्याने पडून होतं. आणि बाकी सगळी जागा व्यापून एकच भलंमोठं फोल्डर बसलं होतं. त्याचं नाव 'आप्पांचे सत्कार'. सृष्टीने त्यातला पहिला व्हिडिओ लावला. पडद्यावर साक्षात कानिफनाथ उभे राहिले, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात माईक.

"मंडळी," पडद्यावरचे कानिफनाथ कडाडले, "दुसऱ्याकडं बोट दावायच्या आधी आपला बांध बघा! ज्यानं त्यानं आपलं अतिक्रमन काढलं की गाव तंटामुक्त झालंच!"

व्हिडिओत टाळ्यांचा कडकडाट झाला. सृष्टीने घाईघाईने व्हिडिओ थांबवला.

कानिफनाथांना आठवलं. नवीन लॅपटॉप घरात आला तेव्हा त्यांनी एकट्याने बसून पेन ड्राइव्ह रिकामा केला होता. त्या वेळी हाच कप्पा निम्मा मोकळा दिसला, आणि इथे कुणी हात लावणार नाही असा पोक्त विचार करून त्यांनी सगळे सत्कार त्यात ओतले होते. तो पेन ड्राइव्ह आता भजनं भरून मारुतीच्या देवळात वाजत होता, आणि सत्कारांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गोरक्ष आणि सहादेवाने एकमेकांकडे पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं मिळून खो-खो हसले. "अध्यक्ष, निकाल सांगा!" गोरक्ष म्हणाला.

कानिफनाथांना फार वाईट वाटलं. एकेक शाल त्यांना ओळखू येत होती. एवढ्या वर्षांच्या उन्हातान्हातल्या वणवणीचं तेवढंच तर हाती राहिलं होतं.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," सृष्टी हळूच म्हणाली. "मी कंपनीचंच सामान पुसते. होईल ते होईल."

मैत्रिणीचं लग्न एका शब्दाने न बोलता पुसलेली आपली पोर त्यांनी क्षणभर पाहिली, आणि टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"न्हाई," ते म्हणाले. "अतिक्रमन काढ. कंपनी हाय तिथंच ऱ्हाईल."

सत्कार गेले, सॉफ्टवेअर बसलं. सोमवारी लॅपटॉपने हूं का चूं न करता परीक्षा पार पाडली, आणि पुढच्याच महिन्यात सृष्टीच्या निवडीचा निरोप आला. तिकडे गोरक्ष आणि सहादेवाने आपणच दोरी धरून बांध मोजला. दोघांचंही थोडंथोडं चुकलेलं निघालं, तेव्हा दोघांनीही गुमान माती ओढून घेतली. मग गावाने ठरवलं, स्वतःचं अतिक्रमण स्वतः काढणारा अध्यक्ष पंचक्रोशीत दुसरा नाही. मारुतीच्या पारावर दणक्यात सत्कार झाला.

दुसऱ्या दिवशी सहादेव पेन ड्राइव्ह घेऊन दारात हजर. "अध्यक्ष, अथपासून इतिपर्यंत शूटिंग केलंय. लई भारी बोलला तुमी. कुठं ठिवायचं?"

कानिफनाथांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"सृष्टे, परीक्षा तर झाली. मंग आता त्या कप्प्यातली निम्मी जागा मोकळीच आसंल, न्हवं?"

"आधी पंच बोलवा!" आतून रेश्माचा आवाज आला.