ब्राँझची सवाष्ण

त्या शहरातल्या पुतळ्यांना शुक्रवारी बाहेर जेवायला जाता येत असे. आमंत्रण मात्र आदल्या दिवशी, समोर उभं राहून, तोंडी द्यावं लागे. आणि पुतळा जेवून परत येईपर्यंत यजमानाच्या घरातल्या एकाला त्याच्या चौथऱ्यावर उभं राहावं लागे. हा नियम शाल्मलीनं आईला फोनवरच सांगून ठेवला होता. स्वेटर घे, लोणच्याची बरणी नीट बांध, या ओघात.

कुसुमताईंनी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी मिरजेहून परदेशी निघालेल्या बाईला पुतळ्यांशी काय करायचंय? पण श्रावणातला शेवटचा शुक्रवार तोंडावर आला आणि सवाष्ण मिळेना. श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा करायची, बाहेरची एक सवाष्ण पुरणपोळीचं जेवू घालायची, ती तृप्त होऊन उठली की जिवतीला म्हणायचं, माझी लेकरं सांभाळ. लग्न झाल्यापासून त्यांचा हा नेम चुकला नव्हता. आणि यंदा तर तो चुकवून चालणारच नव्हतं. शाल्मलीला याआधी दोनदा दिवस गेले होते, पण टिकले नव्हते. आता दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायची बंदी केली होती.

पण ऑगस्टमध्ये ते अख्खं शहर सुट्टीवर जातं. ओळखीच्या मराठी बायका झाडून सगळ्या समुद्रकाठी गेलेल्या. एकीनं वाळूत बसल्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "सॉरी मावशी, पुढच्या वर्षी नक्की."

"मग पुतळ्यांतली बघ ना एखादी," शाल्मली उशीला टेकून म्हणाली. "ते कुठे जात नाहीत."

गुरुवारी सकाळी कुसुमताईंनी साडीखाली जावयाचे पांढरे बूट घातले, नवऱ्याला, त्र्यंबकरावांना, उठवलं आणि दोघं पायी निघाले.

पुतळ्यांना मराठी येत होतं. त्यांच्यापुढे उभं राहून जगातले सगळे प्रवासी आपापल्या भाषेत बोलतात. पुतळ्यांना ऐकण्यावाचून दुसरं काम नसतं.

पुलाच्या तोंडाशी एक पंखवाली उभी होती. कुसुमताईंनी हात जोडून विचारलं, "लग्न झालंय का हो तुमचं?"

"मी विजयाची देवता आहे," पंखवाली म्हणाली. "मी कुणाच्याच घरी फार दिवस राहत नाही."

कचेरीसमोरच्या न्यायदेवतेनं तराजू खाली ठेवता येणार नाही म्हणून दिलगिरी कळवली. पुढच्या चौकात कारंजं होतं आणि त्यात एक बाई आंघोळ करत बसली होती. त्र्यंबकराव तिथे जरा जास्तच रेंगाळले.

"ही मला रिकामी दिसते," ते म्हणाले.

"रिकामे तुम्ही दिसताय. चला."

राजवाड्यापुढे एक राणी उंच सिंहासनावर बसली होती. तिनं आमंत्रण नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मला विधवा म्हणूनच बसवलेली आहे. खाली तसं कोरलंय." कुसुमताईंना कसंसंच झालं. त्यांनी पिशवीतलं एक फूल राणीच्या पायाशी ठेवलं. "तुम्ही याच हो एखाद्या शुक्रवारी, नुसत्या गप्पा मारायला," त्या म्हणाल्या. "व्रताचं नाव नको नि काही नको."

त्र्यंबकरावांचे गुडघे बोलू लागले तेव्हा दोघं भाजीबाजाराच्या गल्लीत होते. तिथे बुटक्या चौथऱ्यावर कांद्यांची टोपली कमरेला लावून ब्राँझची एक बाई उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्यानं हात लावून तिचं नाक लखलखीत केलेलं.

"जरा डावीकडे सरका, ऊन येतंय," कांदेवाली म्हणाली. तिचं मराठी फोटो काढणाऱ्यांकडून आलेलं होतं. "हं, आता हसा."

"अगं बाई, गोड आहे की ही! तुमचे मालक असतात ना?"

"असतात. स्टेशनासमोर. कंदील धरून उभे आहेत."

"प्रकृती?"

"गेल्याच वर्षी पॉलिश झालंय."

त्र्यंबकराव कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले होते. त्यांनी हरकत घेतली. "कुसुम, ज्या बाईचा हा पुतळा, ती आणि तिचा नवरा केव्हाच गेले असतील."

"त्यांना कोण बोलावतंय? मी हिला बोलावतेय. हिचा नवरा उभा आहे."

आमंत्रण झालं. कांदेवालीनं ते स्वीकारलं.

शुक्रवारी नगरपालिकेची एक बाई पिवळं जाकीट घालून हजर होती. तिनं त्र्यंबकरावांना हात देऊन चौथऱ्यावर चढवलं, टोपली त्यांच्या कमरेला लावली, खांदा थोडा खाली दाबला आणि बोलायचं नाही असं ओठांवर बोट ठेवून सांगितलं. कांदेवाली कुसुमताईंबरोबर चालत घरी आली. लिफ्टनं तिचं वजन घेतलं नाही, म्हणून जिन्यानं.

पाय धुऊन झाले. ब्राँझवर कुंकू ठरेना, तेव्हा कुसुमताईंनी जुन्या बायकांसारखं आधी मेण लावलं. शाल्मलीच्या पलंगाशेजारीच पाट मांडला. कांदेवाली जपून बसली. पाटानं आवाज केला, पण धरलं.

"आणखी एक वाढू?" कुसुमताईंनी विचारलं.

"वाढा."

आपल्याकडे सवाष्ण "नको नको" म्हणते आणि यजमानीण वाढतेच. कांदेवालीला "नको" म्हणतात हे माहीत नव्हतं. ती विचारलं की हो म्हणायची. पोळ्या संपल्या, कटाची आमटी संपली, भात संपला. नैवेद्याचं दूध-फुटाणेही संपले. कुसुमताईंनी जावयाच्या डब्यातली बिस्किटं काढली.

"पोट भरलं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही," कांदेवाली प्रामाणिकपणे म्हणाली. "मी आतून पोकळ आहे."

कुसुमताई रिकामा डबा घेऊन खाली बसल्या. सवाष्ण उपाशी उठली तर जिवतीपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं? त्यांची नजर शाल्मलीच्या पोटाकडे गेली आणि डोळे भरून आले.

"आई, रडू नकोस. तिलाच विचार ना, कशानं तृप्त होईल ते," शाल्मली म्हणाली.

कांदेवालीनं रिकामं ताट बाजूला सारलं. "मला माझा नवरा बघायचाय," ती म्हणाली. "बसवल्यापासून भेट नाही. दरवेळी कुणीतरी जेवायला नेतं आणि सरळ परत आणून सोडतं. स्टेशनावरून कुणीच नेत नाही, लांब पडतं म्हणून."

कुसुमताई ताडकन उठल्या. "एवढंच ना? अहो, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी कांदेवालीची खणा-नारळानं ओटी भरली, वर पाच खारका ठेवल्या आणि तिला घेऊन स्टेशनाच्या वाटेला लागल्या.

वाट बाजारावरून होती. त्र्यंबकराव चौथऱ्यावर उभे होते आणि नाशिकची एक सहल त्यांचे फोटो काढत होती. "अगं, हा अगदी आपल्या केळकर सरांसारखा दिसतो," एक बाई म्हणत होती. "पण तोंड केवढं वाकडं केलंय!" त्र्यंबकरावांनी बायकोकडे डोळ्यांनी विचारलं, झालं का? कुसुमताईंनी हातानंच सांगितलं, अजून थोडं.

कंदीलवाला स्टेशनासमोर उभा होता. त्याला कुणी आमंत्रण दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला उतरता येत नव्हतं. पण कांदेवालीला वर चढायला मनाई नव्हती. कुसुमताईंनी तिला खालून आधार दिला. मग त्यांनी पाठ वळवली आणि गाड्यांचं वेळापत्रक वाचत उभ्या राहिल्या. त्यातलं एकही अक्षर त्यांना येत नव्हतं, तरी त्यांनी ते सगळं वाचलं. कंदील मधेच थोडा वेळ विझला होता, असं रिक्षाच्या, म्हणजे तिथल्या टॅक्सीच्या, रांगेतल्या लोकांनी पाहिलं.

कांदेवाली खाली उतरली तेव्हा तिचं कुंकू फिस्कटलं होतं.

"तृप्त झाले," ती म्हणाली. "तुमची लेकरं सुखरूप राहोत." हे मराठी तिनं प्रवाशांकडून ऐकलेलं नव्हतं.

कुसुमताईंनी तिला वाकून नमस्कार केला, चौथऱ्यावर पोचवलं आणि त्र्यंबकरावांना उतरवून घेतलं. त्यांचा खांदा पुढे आठवडाभर खालीच राहिला.

शाल्मलीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. कुसुमताईंनी देवापुढे साखर ठेवली, बारसं केलं आणि आणखी दोन महिने राहून मिरजेला परतल्या.

माघात शाल्मलीचा फोन आला. पिवळ्या जाकिटातली बाई घरी येऊन गेली होती. कांदेवालीनं टोपली कमरेवरून काढून खाली ठेवली होती आणि दोन्ही हात पोटावर घेतले होते. नगरपालिकेनं तपासून पाहिलं. ओटीत कुसुमताईंनी घातलेल्या पाच खारका निघाल्या. कुणाची तक्रार नव्हती. तिच्या शेजारी एक इवलासा चौथरा बांधायला घेतला होता आणि माहेरचं माणूस म्हणून त्यांना कुसुमताईंचा पत्ता हवा होता.

"दे की," कुसुमताई म्हणाल्या. "आणि तिला म्हणावं, जड उचलू नकोस."

फोन ठेवून त्यांनी नातीच्या कुंचीसाठी आणलेलं खणाचं कापड पुन्हा काढलं आणि दुसरी कुंची बेतायला घेतली. ही त्यांनी जरा सैल ठेवली. ब्राँझची बाळं अंगानं वाढतात की नाही, हे त्यांना कुणी नक्की सांगितलं नव्हतं.